पंखा मिटला की आमेन

मेयेर लास्रीचा पाय मोडला ही बातमी बुहबोत सिनेगॉगात जाहीर झाली, तेव्हा मेसोद एद्री खणखणीत आवाजात "आमेन!" म्हणाला, आणि त्याच्यामागून आणखी पाच जण "आमेन!" म्हणाले. सगळ्या भानगडीची सुरुवात ही अशी झाली.

शनिवारची सकाळ होती आणि कासाब्लांकात जूनचा उकाडा मी म्हणत होता. अध्यक्ष प्रोस्पेर तोलेदानो पुढे व्यासपीठाजवळ उभे राहून आठवड्याच्या सूचना सांगत होते. मागच्या बाकावरून मेसोदला फक्त एक उभा माणूस दिसत होता आणि त्याचे ओठ हलत होते. प्रोस्पेर म्हणत होते, "आपले मोसिए लास्री बाजाराच्या पायऱ्यांवरून घसरले. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात, दोन महिने तरी हलता येणार नाही." यावर देवाच्या घरात सहा माणसांनी तथास्तु म्हणावं, हे लास्रीच्या नातलगांना जरा लागलंच. दुपारच्या जेवणाआधी सात जणांनी जाऊन लास्रीच्या बायकोला हे सांगितलं. सातही जणांनी 'मी म्हणालो नाही' हेही सांगितलं.

दुसऱ्या कोणाचा पाय असता तर निभावून गेलं असतं. पण लास्री आणि मेसोद यांच्यात तीस वर्षं अबोला होता. मेसोदचं चष्म्याचं दुकान होतं. एका लग्नात, याच सिनेगॉगात, लास्रीचा नवाकोरा चष्मा हरवला आणि त्याने गावभर सांगितलं की मेसोदने दिलेली फ्रेम इतकी ढिली होती की ती नाकावरून उतरून आपल्या पायांनी निघून गेली. मेसोदने चाळीस वर्षांत एक फ्रेम ढिली दिली नव्हती. तो म्हणाला, "स्क्रू ढिला आहे, पण चष्म्याचा नाही." झालं. तेव्हापासून दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. वेगळं कुठे बसणार? उरले होते अकराच पुरुष.

आता खरं काय ते सांगायला हवं. मेसोदला ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. दारावरची बेल येई, ट्रक येई, बायकोचं, सिमीचं, बोलणं ती समोर उभी राहून बोलली तर येई. पण सिनेगॉगात रब्बी माखलूफ, वय ऐंशी, आवाज साखरेसारखा गोड आणि साखरेसारखाच विरघळून गेलेला, लोकांकडे पाठ करून पवित्र कपाटाकडे तोंड करून म्हणत, त्यातलं अक्षरही मेसोदपर्यंत पोचत नसे. आणि आमच्या प्रार्थनेत नुसतं बसून भागत नाही. आशीर्वाद संपला की त्याच क्षणी 'आमेन' म्हणावं लागतं. आधी म्हटलं तर आगाऊ, उशिरा म्हटलं तर पोरकं.

ज्या माणसाने हजारो गिऱ्हाइकांना "चष्मा लागतो यात लाज कसली, देवाने नाक उगाच दिलंय का?" असं ऐकवलं, त्याला स्वतःच्या कानांची इतकी लाज वाटत होती की ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो आणि दुसरी सिमी.

तोडगा सिमीनेच काढला होता. बायका वरच्या सज्जात बसतात, सज्जा थेट व्यासपीठाच्या वर येतो, आणि घुमटामुळे रब्बींचा आवाज खाली न जाता सगळा वर जातो. वरून सिमीला शब्द न् शब्द ऐकू येई. तिच्याकडे तेतुआन गावच्या तिच्या आईचा काळा स्पॅनिश घडीचा पंखा होता. पंखा उघडला की उभं राहायचं, मांडीवर ठेवला की बसायचं, आणि फटकन मिटला की आमेन. तीन वर्षं ही यंत्रणा घड्याळासारखी चालली होती. मेसोदचं आमेन इतकं वेळेवर आणि ठाम येई की लोक कौतुक करत.

त्या शनिवारी सिमीच्या नाकावर माशी बसली होती.

संध्याकाळी सब्बाथचा पवित्र दिवस उतरल्यावर प्रोस्पेरनी मेसोदला चहाला बोलावलं. प्रोस्पेर निवृत्त विमा अधिकारी. माणूस सरळ, पण नियमात न बसणारा सूर्योदयही ते मान्य करत नसत.

"मोसिए एद्री," ते म्हणाले, "दुश्मनाचा पाय मोडला तरी आपण आमेन म्हणत नाही. निदान मोठ्याने नाही."

"मला ऐकू येत नाही," मेसोद चहाच्या ग्लासात बघत म्हणाला.

"काय?"

"ऐकू येत नाही म्हटलं."

"जरा मोठ्याने बोला, पुदिना घशात अडकल्यासारखं काय करताय?"

"मला ऐकू येत नाही!" मेसोद ओरडला, आणि शेजारच्या खोलीत पत्ते खेळणारे चौघे, स्वयंपाकघरातली मादाम तोलेदानो आणि जिन्यातला रखवालदार असे सगळे एकदम गप्प झाले. तीन वर्षं जपलेली अब्रू तीन वाक्यांत गेली. पंख्याचं मात्र त्याने सांगितलं नाही. कान गेले हे कबूल करणं निराळं, आणि आपली सगळी आमेन बायकोकडून उसनी घेतलेली आहेत हे कबूल करणं निराळं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. ऑलिव्हच्या कोमट तेलात लसूण घालून ते कानात सोडावं, असं तळमजल्यावरच्या शेजाऱ्याचं मत पडलं. मेथी खा, असं त्याच्या बायकोचं पडलं. कोणी संताच्या कबरीवर सात मेणबत्त्या लावायला सांगितल्या, कोणी म्हणालं बाराही कमी पडतील. बाकावर मेसोदच्या शेजारी बसणारा हाईम बुस्किला, जिवाभावाचा मित्र, म्हणाला, "अरे, कान तुझे चांगलेच आहेत. हल्ली लोकच पुटपुटतात." मेसोदला हा सल्ला सगळ्यांत आवडला, म्हणून सिमीने त्याला लगेच कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने त्याला काचेच्या पेटीत बसवलं, कानात टिकटिक वाजवली आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली. रेघ डावीकडून नीट निघाली होती आणि मध्येच जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. अगदी लास्रीसारखी. मेसोदला तेवढंच जरा बरं वाटलं.

तिने दिलेली श्रवणयंत्रं कानात घालून तो पुढच्या शनिवारी ऐटीत बाकावर बसला. आणि काय सांगावं! सगळं ऐकू यायला लागलं. रस्त्यावरचे टॅक्सीचे हॉर्न, फळवाल्याची आरोळी, हाईमच्या पोटातली गुडगुड, हाईम तोंडात घोळवत असलेली खोकल्याची गोळी दातांवर आपटण्याचा आवाज. फक्त रब्बी माखलूफ तेवढे ऐकू येत नव्हते. त्यात डाव्या यंत्राने शीळ घालायला सुरुवात केली. सब्बाथच्या दिवशी आम्ही विजेचं बटण दाबत नाही, तेव्हा ते बंद करायची सोय नाही. कान झाकला की शीळ वाढे, मान हलवली की थांबे, म्हणून मेसोद तासभर मान तिरकी करून बसला. वर सज्जात बायका 'कुठून पक्षी शिरलाय' म्हणून घुमटात शोधत होत्या. खाली एकाही पुरुषाला ती शीळ ऐकू आली नाही. ही गोष्ट त्याच वेळी कोणाच्या तरी लक्षात यायला हवी होती.

"यंत्र जवळचं ऐकवतं, लांबचं नाही," डॉक्टर म्हणाली. "तुमचे रब्बी मायक्रोफोन का नाही वापरत?"

"शनिवारी चालत नाही."

"मग तुम्ही त्यांच्या जवळ बसा. दोन मीटरच्या आत. पुढे जागा नाही का?"

मेसोद हसला. फार दुःखी हसू होतं ते. पुढे जागा नाही का! बुहबोत सिनेगॉगात पुढे सहा रांगा, रांगेत आठ खुर्च्या, मिळून अठ्ठेचाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या. आणि त्यांतली एकही मोकळी नव्हती.

प्रत्येक खुर्चीवर पितळी पाटी होती. क्नाफो, बेन्शिमोल, ओहायोन. सगळी बडी घराणी, आणि सगळी निघून गेलेली. कोणी पॅरिसला, कोणी माँट्रियलला, कोणी अश्दोदला. खुर्चीखालच्या खणात त्यांच्या प्रार्थनाशाली आणि पुस्तकं अजून कुलूपबंद होती. जे उरले ते मागच्या दोन बाकांवर, दाराशी, जिथे त्यांचे बाप बसत. पन्नास वर्षं रब्बी पुढे आणि माणसं मागे, आणि मध्ये अठ्ठेचाळीस पाट्या. नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की पाटीवर ज्यांचं नाव त्यांच्या लेखी संमतीशिवाय त्या जागी कोणी बसू नये. आणि प्रोस्पेर दर गुरुवारी स्वतः, फडकं आणि लिंबू घेऊन, अठ्ठेचाळीस पाट्या घासत.

"मोसिए तोलेदानो, एकच खुर्ची," मेसोद म्हणाला. "पुढच्या रांगेतली."

"आणि उद्या ते परत आले तर?"

"कोण?"

"कोणीही. माणूस पन्नास वर्षांनी आपल्या जागेवर येतो आणि तिथे तुम्ही बसलेले!"

"तर मी उठेन की!"

"उठणं हा बसण्याचा खुलासा होत नाही," प्रोस्पेर म्हणाले आणि त्यांनी जागांची वही उघडली. पहिल्या रांगेतली चौथी खुर्ची, 'क्नाफो बंधू'. "बंधू म्हणजे पाच. पाचही वारले, एक सोडून. वारस धरून सत्तावीस. सत्तावीस सह्या आणा."

उरलेला बंधू म्हणजे अम्राम क्नाफो, मेसोदचा शाळासोबती, आता माँट्रियलमध्ये. मेसोदने दुपारी त्याला व्हिडिओवरून फोन लावला. पडद्यावर एक टकलाचा अर्धा भाग आणि एक दिवा दिसू लागला.

"अम्राम! मी मेसोद!"

"कोण?"

"मेसोद! तुझी खुर्ची हवीये!"

"मुलगी? मुलगी बरी आहे!" अम्राम ओरडला. तेव्हा लक्षात आलं की तिकडेही तीच परिस्थिती आहे. मग सिमी इकडच्या टकलाच्या कानात आणि अम्रामची बायको तिकडच्या टकलाच्या कानात ओरडू लागली, आणि पाच मिनिटांत दोघी बायकाच एकमेकींशी बोलू लागल्या. सगळं ठरवूनही टाकलं. अम्रामचा होकार होता. त्याने वर निरोप दिला, "मेसोदला म्हणावं बस, आणि खणात माझे बदाम असतील ते खाऊ नकोस."

उरले सव्वीस. अम्रामच्या नातीने 'क्नाफो खुर्ची' नावाचा गट फोनवर काढला. पहिल्या दिवशी अकरा होकार आले. दुसऱ्या दिवशी अश्दोदच्या एका पुतणीने विचारलं की खुर्ची द्यायचीच होती तर तिच्या वडिलांना त्यांच्या लग्नात तिथे का बसू दिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माँट्रियल आणि पॅरिस यांच्यात सब्बाथच्या दफिना नावाच्या रश्श्यात अंडी आधी घालायची की नंतर यावरून जुंपली. चौथ्या दिवशी तीन शाखा गट सोडून गेल्या. सत्तावीसजणांचं कुटुंब, पन्नास वर्षं तीन खंडांत सुखाने नांदलेलं, ते मेसोदच्या कानांपायी एका आठवड्यात फुटलं.

तोवर यंत्रं खणात पडली आणि मेसोद पुन्हा पंख्याकडे वळला. पण आता बहिरा म्हणून जाहीर झालेल्या माणसाकडे लोक लक्ष ठेवून असतात. प्रोस्पेरच्या लक्षात आलं की मोसिए एद्री पूर्ण प्रार्थनाभर मान मागे टाकून वर, बायकांच्या सज्जाकडे बघत असतात. सिमीच्या शेजारी विधवा मादाम सेब्बाग बसे, रंगवलेले केस आणि टवटवीत. दोन अधिक दोन करायला विमा खात्याचा अनुभव पुरेसा होता.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मोसिए एद्री!" ते म्हणाले. "बायको शेजारीच बसलेली असताना!"

मेसोद कात्रीत सापडला. खरं सांगावं तर आमेन उसनी, न सांगावं तर चारित्र्य गेलं. तो गप्प राहिला, आणि पुढच्या शनिवारी सज्जाला जाडजूड निळा पडदा लागला.

घरी येऊन त्याने कोट फेकला. "मी आता जाणार नाही. घरी प्रार्थना करीन. देवाला तरी ऐकू येतं."

"आणि हाईमचं काय?" सिमीने विचारलं.

इथे गाडी अडली. हाईमची आई हिवाळ्यात वारली होती, शहाण्णवाव्या वर्षी, आणि हाईमला अकरा महिने तिच्या नावाने कद्दिशची प्रार्थना म्हणायची होती. कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात आणि त्यांनी मध्येमध्ये आमेन म्हणून उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तो म्हणजे भिंतीशी बोलणं. अकरातला लास्री इस्पितळात. रब्बी धरून उरले दहा. दहावा मेसोद. हाईमची आई मेसोदला लहानपणी दर शुक्रवारी खिडकीतून गरम पाव देई. त्या बाईला आमेनवाचून ठेवायचं त्याच्याने होईना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जाईन. पण मोजण्यापुरता. तोंड उघडणार नाही. खुर्चीसारखा बसेन. तिथे खुर्च्यांना जास्त मान आहे."

पुढच्या शनिवारी मेसोद खरंच हाताची घडी घालून, तोंडाला कुलूप लावून बसला. रब्बी माखलूफनी पहिला आशीर्वाद संपवला. सगळीकडे शांतता.

रब्बींना वाटलं आपलंच काही चुकलं. ते खाकरले आणि शेवटचे शब्द पुन्हा म्हणाले. तरीही शांतता. त्यांनी वळून पाहिलं. दोन बाकांवर आठ म्हातारे पुस्तकावरून डोळे तिरपे करून मेसोदकडे बघत होते. प्रोस्पेरसुद्धा. मेसोदला वाटलं, आपण रुसलो म्हणून बघतायत, आणि त्याने घडी आणखी घट्ट केली. दुसरा आशीर्वाद तसाच गेला. तिसऱ्याला कोणीतरी भलत्याच ठिकाणी चाचरत "आ..." म्हणालं आणि कोणी साथ देत नाही म्हणून खोकल्यासारखं केलं. वर पडद्यामागे कुजबुज वाढली. ऐंशी वर्षांच्या रब्बींनी अशी प्रार्थना आयुष्यात पाहिली नव्हती. ते घाम पुसत पुढे रेटत राहिले.

मग हाईम कद्दिशला उभा राहिला. मेसोद त्याच्या शेजारीच होता. ऐकू येत नव्हतं, पण चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यात डोळे घालून बसलेला माणूस तो, त्याला हाईमचे ओठ दिसत होते. ते हलले आणि थांबले. हाईम वाट बघत उभा राहिला. कोणीच काही म्हणेना. सत्तर वर्षांचा माणूस, त्याने वळून मेसोदकडे पाहिलं. रागाने नाही, आधार शोधावा तसं.

मेसोदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला मान, आपली खुर्ची, आपला रुसवा, सगळ्याची त्याला एकदम किळस आली. त्याने तोंड उघडलं. पण आत्ताच म्हणायचं का? की पुढचं वाक्य सुरू झालंय? पोरकं आमेन हाईमच्या आईच्या वाट्याला देऊन कसं चालेल? त्याची मान आपोआप वर गेली.

वर निळा पडदा हलला. फटीतून एक हात बाहेर आला, हातात काळा पंखा. पंखा फटकन मिटला, आणि त्याबरोबर सिमीचा आवाज घुमटभर घुमला, "आमेन!"

"आमेन!" मेसोद ओरडला.

"आमेन!" मागून सात म्हातारे एका सुरात ओरडले, आणि हाईमने डोळे पुसत पुढची ओळ घेतली. उरलेल्या कद्दिशभर पंखा मिटत राहिला, मेसोद म्हणत राहिला, आणि मेसोदमागून सगळे. आता मात्र सगळ्यांच्या माना वर होत्या, अध्यक्षांचीही.

प्रार्थनेनंतर टेबलावर उकडलेली अंडी आणि अंजिराची दारू, माहिया, आली, पण कोणी पेल्याला हात लावेना. शेवटी हाईमनेच सुरुवात केली.

"मला तीन वर्षं नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला. "मी मेसोदबरोबर म्हणतो. त्याचं आमेन पक्कं असतं."

"मीपण," एक जण म्हणाला. "मी तर त्याच्या पाठीकडे बघून उठतो-बसतो," आणखी एक म्हणाला. चौथ्याने सांगितलं की लास्रीचा पायदेखील त्याने तसाच मोडून घेतला होता, म्हणजे त्यावरचं आमेन. एकेक करून सात झाले. सगळ्यांनी प्रोस्पेरकडे पाहिलं.

"माझा फक्त डावा कान," प्रोस्पेर म्हणाले.

"आणि उजवा?" सिमीने विचारलं.

"साडेबारा," प्रोस्पेरनी घड्याळ बघून सांगितलं.

म्हणजे तीन वर्षं बुहबोत सिनेगॉगातले सगळे पुरुष मेसोदच्या तालावर आणि मेसोद सिमीच्या पंख्यावर चालत होता. ही गोष्ट वरून खाली उतरलेल्या बायकांना कळली तेव्हा मादाम सेब्बागला हसूच आवरेना. प्रोस्पेर मात्र पांढरेफटक पडले. "म्हणजे आपली प्रार्थना... पंख्याने? हे चालतं का, रब्बी?"

रब्बी माखलूफनी आधी माहिया घेतली. "फार पूर्वी अलेक्झांड्रियात एक सिनेगॉग होतं," ते म्हणाले. यावेळी सगळे त्यांच्या तोंडाजवळ जमले होते, तेव्हा ऐकू येत होतं. "इतकं मोठं की मागच्यांना आवाज पोचत नसे. तिथे एक माणूस हातात फडकं घेऊन उभा राही. आशीर्वाद संपला की तो फडकं हलवी, आणि सारे आमेन म्हणत. तेव्हा पंख्याला मी नाही म्हणणार नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "आणि सांगतात की तिथलं व्यासपीठ मध्यभागी होतं."

सगळ्यांनी पुढे, त्या सहा रिकाम्या रांगांपलीकडे असलेल्या लाकडी व्यासपीठाकडे पाहिलं. सब्बाथ उतरताच प्रोस्पेरनी जागांची वही घरी नेली. रविवारी सकाळी ते वही घेऊन मेसोदच्या दारात उभे राहिले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"मोसिए एद्री, तिसऱ्या रांगेतली दुसरी खुर्ची माझ्या भावाची आहे," ते म्हणाले. "तो आता येत नाही, हे मला कळतं. पण जागा मोडली की तो खरंच गेला. म्हणून मी..." त्यांनी वही उघडली. "तर ते असो. मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. खुर्च्या हलवता येत नाहीत. पण व्यासपीठ कोणाच्याच नावावर नाही."

मेसोदने त्यांना आत घेतलं आणि सिमीने चहा टाकला.

व्यासपीठ हलवायला सुतार सी लार्बी आला. त्याने एक दिवस सांगितला होता, लागले अकरा. अक्रोडाच्या लाकडाचं ते धूड कठड्यासकट मधल्या वाटेपेक्षा चार बोटं रुंद निघालं. दहा म्हातारे दहा दिशांनी "माझ्याकडे! माझ्याकडे!" ओरडत होते आणि कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. चौथ्या रांगेशी ते असं अडकलं की मधला शनिवार रब्बींनी तिरक्या व्यासपीठावर तिरकं उभं राहून काढला. शेवटी सी लार्बीने सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, चार हमाल आत घेतले आणि सिमीला पंखा घेऊन वर सज्जात उभं केलं. उघडला की ढकला, मिटला की थांबा. दोन तासांत ते मागच्या बाकांसमोर येऊन बसलं.

मूळ जागी, उघड्या पडलेल्या फरशीवर, सत्तर वर्षांचा खजिना होता. नवरदेवांवर उधळलेले साखरेचे बदाम, दगड झालेले, टोपलीभर. तीन बटणं, एक कंगवा. आणि एक चष्मा. मेसोदने तो उचलला, कोटाच्या बाहीने पुसला, दांड्या उघडून मिटून पाहिल्या. स्क्रू घट्ट होते. तीस वर्षांनीही घट्ट होते. तो तिथेच पायरीवर बसला आणि बराच वेळ त्या स्क्रूंकडे बघत राहिला.

पुढच्या शनिवारी लास्री कुबड्या घेऊन आला. मेसोदने चष्मा त्याच्यापुढे धरला. लास्रीने तो डोळ्यांवर चढवला, मेसोदकडे पाहिलं, नाकावर दाबून पाहिला, मान हलवून पाहिली.

"बसतोय की," तो म्हणाला.

"बसणारच," मेसोद म्हणाला. "नंबर मात्र बदलला असेल. येऊन जा."

मग लास्री बाकाच्या मध्यापर्यंत सरकला आणि पाय लांब करून बसला. रब्बी माखलूफ आता दोन मीटरवर होते. मेसोदने यंत्रं पुन्हा कानात घातली होती, आणि साखर अजून पुरती विरघळली नव्हती असं त्याच्या ध्यानात आलं. शब्द येत होते. सगळे नाही, पण पुरेसे. हाईम कद्दिशला उभा राहिला, त्याने आईचं नाव मनात घेऊन सुरुवात केली, आणि पहिली ओळ कुठे संपली ते मेसोदला स्वतःच्या कानांनी कळलं. त्याचं आमेन इतक्या जोरात निघालं की रस्त्यावरच्या फळवाल्याने आत डोकावून पाहिलं. हाईमने न वळताच हात बाजूला नेला आणि मेसोदचं मनगट दाबलं.

सज्जावरचा पडदा निघाला होता. सिमी पंखा मिटून मांडीवर ठेवून बसली होती. तिला आज काही काम नव्हतं.

प्रोस्पेर, ज्यांच्या दोन्ही कानांत आता यंत्रं होती, मेसोदकडे झुकले. "मोसिए एद्री, आता तर ऐकू येतंय ना? मग पुन्हा वर काय बघताय?"

"तीन वर्षं आमेनसाठी बघत होतो," मेसोद म्हणाला. "तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं." आणि त्याने मान पुन्हा वर केली.